राखाडी शूज, हिरवी नाडी

ही गोष्ट खरी आहे. माणसांची नावं मी बदललेली नाहीत. जागेचं नाव तेवढं गाळलं आहे, कारण तिथल्या म्हाताऱ्या बायकांना उगाच कुणाचा त्रास व्हायला नको.

तारीख चौदा ऑगस्ट, साल दोन हजार पंचवीस. वार गुरुवार. दुपारचे साडेतीन.

सिडनीत स्कोफिल्ड्सला माझ्या घरापासून चार घरं सोडून चंद्रहास राहतो. सॉफ्टवेअर टेस्टर आहे. त्या दिवशी तो घरूनच काम करत होता. अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे पोलीस होता. त्याने आधी विचारलं, तुम्ही घरात एकटेच आहात का? मग बसून घ्यायला सांगितलं. मग सांगितलं.

चंद्रहास म्हणाला, तुमचा नंबर चुकलाय. माझी बायको वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. आज गुरुवार. पाचपर्यंत तिची शिफ्ट असते.

पोलिसाने लायसन्सवरचं नाव वाचून दाखवलं.

चित्रलेखा.

गाडी कॅनबेराच्या रस्त्यावर, घरापासून दोन तास लांब, एका सर्व्होत, म्हणजे पेट्रोल पंपावर, उभी होती. हवा भरायच्या पंपाशेजारी, पांढऱ्या रेषांच्या बरोबर मधे. इंजिन बंद. सीटबेल्ट लावलेला. दोन्ही हात मांडीवर. मेंदूतली नस फुटली होती. गाडी नीट बाजूला लावण्याइतका वेळ तिला मिळाला, तेवढाच.

फोन ठेवताना पोलीस जरा अडखळला. म्हणाला, सर, एक विचारायचं होतं. तुमच्या मिसेस अनवाणी गाडी चालवायच्या का?

ऑगस्ट, म्हणजे इथला हिवाळा. तिच्या पायात काहीच नव्हतं. मोजेसुद्धा नव्हते. गाडीत शोधलं, डिकीत शोधलं… शूज कुठेच नव्हते.

*

माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. चंद्रहासने हे सगळं मला सांगितलं ते त्यामुळेच असावं. बाकी कुणी विचारलं की तो "बरंय" म्हणतो आणि कचऱ्याचा बिन आत घ्यायला जातो.

आता जे झालं ते सांगतो.

अंत्यविधीला तिच्या लॅबमधली मयूरा आली होती. रडत होती. बोलता बोलता म्हणाली, आम्ही गुरुवारी तिला फार मिस करायचो, मार्चपासून तिचा गुरुवार ऑफ झाला ना.

चंद्रहासने ते ऐकलं आणि मान हलवली. त्याला माहीत असल्यासारखी.

त्याला माहीत नव्हतं.

मार्चपासून दर गुरुवारी ती सकाळी सातला डबा घेऊन निघायची. गळ्यात हॉस्पिटलचं कार्ड. संध्याकाळी साडेसहाला परत. शिफ्टला जाते असंच तो धरून होता. पंचवीस वर्षांत या बाईने त्याच्यापासून साधं पार्किंगचं तिकीटही लपवलं नव्हतं. मग दर गुरुवारी ती दोन तास गाडी चालवून कुणाकडे जात होती?

हा प्रश्न फार वाईट. विचारावा तर विचारायला माणूस नाही. आणि न विचारावा तर रडायला बसलं तरी मधेच तो उभा राहतो.

मुलगी मैथिली कॅनबेराला, गुंगालिनमध्ये राहते, युनीत शिकते. तिलाही ठाऊक नव्हतं. आई तिच्याकडे गुरुवारी कधीच आली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "बाबा, आय डोन्ट वॉन्ट टु नो."

हॉस्पिटलमधून एक प्लॅस्टिकची पिशवी मिळाली. त्यात मंगळसूत्र, घड्याळ, आणि तिच्या आईचं जुनं पितळी अंगुस्तान. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते टोपण. एका बाजूला चेपलेलं. ते तिच्या कोटाच्या खिशात होतं.

तेव्हा त्याला आठवलं, गेले काही महिने तिच्या डाव्या हाताच्या बोटाला सारखं काहीतरी टोचलेलं असायचं. त्याने एकदा चेष्टा केली होती, लॅबमध्ये पेशंट कमी पडले का, आता स्टाफचंच रक्त काढतात? ती म्हणाली होती, काचेची स्लाइड लागली. आणि हसत आत निघून गेली होती.

गाडी टो करून घरी आली. गराजमध्ये उभी राहिली. दोन महिने त्याने तिचं दार उघडलं नाही.

ऑक्टोबरात रेजोची, म्हणजे गाडीच्या नोंदणीची, तारीख आली. गाडी तपासायला न्यायलाच हवी होती. तो आत बसला. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून वरची झडप खाली ओढली. तिच्यामागून एक कार्ड पडलं.

एका म्युझियमचा वर्षाचा पास. वर पवनचक्कीचं चित्र. मागे शिक्के.

वीस-बावीस शिक्के होते. सगळे गुरुवारचे. शेवटचा, चौदा ऑगस्ट.

*

सोळा ऑक्टोबर, गुरुवार. चंद्रहास रजा टाकून निघाला. अंगुस्तान खिशात होतं. का घेतलं, ते त्याला सांगता येत नाही.

ते म्युझियम म्हणजे उघड्या माळावर मांडलेलं एक छोटं गाव. मेनोनाइट म्हणून ख्रिस्ती लोकांचा एक पंथ आहे. जुनी जर्मन बोलणारे, साधे राहणारे, कधीही बंदूक हातात न घेणारे. देशोदेशी हिंडता हिंडता त्यांची काही कुटुंबं इथे शेती करायला आली होती. त्यांची जुनी लाकडी घरं उचलून आणून तिथे मांडली आहेत. घर आणि गोठा एकाच छपराखाली. एक शाळा. एक लोहाराचं दुकान. एक प्रार्थनाघर, त्याला दोन दारं, बायकांचं वेगळं आणि पुरुषांचं वेगळं.

गेटवर एक म्हातारा होता. चंद्रहासने त्याला फोनमधला फोटो दाखवला आणि विचारलं, ही बाई इथे यायची का?

म्हातारा खूश झाला. लेखा ना, म्हणाला. येते की. क्विल्ट हाउसमध्ये असते, गोधड्या शिवायचं घर. शेवटचं, मोठ्या निलगिरीच्या झाडामागे.

मग म्हणाला, "आजही आलीय, मेट. तिचे शूज बाहेर आहेत."

चंद्रहासने फोन खिशात ठेवला.

तो चालू लागला. गेटपाशी मॅगपाय पक्षी ओरडत होते. शाळेपर्यंत ओरडत होते. लोहाराच्या दुकानापुढे गेला आणि त्याच्या लक्षात आलं…

आवाज थांबले होते.

पक्षी नाही. माशी नाही. पवनचक्की फिरत होती, पण तिचाही आवाज नव्हता.

क्विल्ट हाउसला लाकडी पडवी आहे. तिच्यावर माळावरची लाल माती उडून बसलेली. पायरीजवळ, भिंतीला लागून, दोन शूज होते.

राखाडी. उजव्याची नाडी राखाडी. डाव्याची हिरवी, कारण मूळची तुटल्यावर चित्रलेखाने मैथिलीच्या नेटबॉलच्या शूजची नाडी घातली होती.

आत मोजे, घडी घालून ठेवलेले.

तो किती वेळ उभा होता कोण जाणे. मग आतून आवाज आला.

सर्र…

जाड कापडातून लांब दोरा ओढल्यावर येतो तो.

आणि मग, टक.

लाकडी चौकटीवर पितळ आपटल्याचा.

सर्र… टक. सर्र… टक.

त्याने खिशात हात घातला. अंगुस्तान तिथेच होतं.

त्याने कसेबसे शूज काढले. एक इकडे, एक तिकडे पडला. दार ढकललं.

आवाज थांबला.

खोलीत कुणी नव्हतं. मधोमध पलंगाएवढी लाकडी चौकट, तिच्यावर ताणून बसवलेली गोधडी. एक खुर्ची. खिडक्या बंद. वारा नाही.

गोधडीच्या मधून एक दोरा चौकटीबाहेर आला होता. त्याच्या टोकाला सुई लोंबकळत होती.

ती हलत होती. हळूहळू… मग थांबली.

चंद्रहासने गोधडीकडे पाहिलं. तो खुर्चीत बसला. त्यातला प्रत्येक तुकडा त्याच्या ओळखीचा होता. त्याच्या सासूची निळी इरकल. पिवळी, नारळी काठाची. मैथिलीच्या बारशाला नेसलेली अंजिरी. सासू गेल्यावर चित्रलेखाने त्या साड्या कराडहून आणल्या होत्या. एप्रिलमध्ये कपाट रिकामं दिसलं तेव्हा त्याने विचारलं होतं. ती म्हणाली, डोनेशनला दिल्या. तो वैतागला होता. आईच्या साड्या कुणी अशा देतं का, म्हणाला होता.

तिने ते ऐकून घेतलं होतं.

*

थोड्या वेळाने मिसेस पेनर आल्या. ऐंशीच्या पुढची बाई, पांढरे केस घट्ट बांधलेले. तिथलं शिवणकाम त्या बघतात. दारात दोन माणसांचे शूज बघून आल्या होत्या. म्हणाल्या, तू चंद्रहास. आलास एकदाचा. ती कुठेय?

त्याने सांगितलं. चौदा ऑगस्टला गेली. इथून परत जाताना.

मिसेस पेनर भिंतीलगतच्या बाकावर बसल्या. हात मांडीवर ठेवले.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

मार्चमध्ये मुलीकडून परत जाताना चित्रलेखा सहज इथे थांबली होती. चौकटीवर गोधडी बघितली आणि तिथेच उभी राहिली. दुसऱ्या आठवड्यात साड्या घेऊन आली. डिसेंबरात लग्नाला पंचवीस वर्षं होतात, नवऱ्यासाठी करायची आहे, घरी केली तर त्याला कळेल, असं म्हणाली. "माझा नवरा चुका शोधायचा पगार घेतो. त्याच्यापासून काही लपवायचं तर दोन तास लांबच यायला हवं." सगळ्या बायका हसल्या होत्या.

ती दाराबाहेर शूज काढायची. मिसेस पेनर म्हणाल्या, जमीन थंड आहे, घालून ये. ती म्हणाली, यात आईच्या साड्या आहेत, शूज घालून जवळ जाणार नाही. मग बायकांनी ठरवून टाकलं. शूज बाहेर म्हणजे लेखा आत. तिला हाका मारायच्या नाहीत, काम करू द्यायचं.

"चौदा ऑगस्टला पाच वाजता मी दार लावायला आले," मिसेस पेनर म्हणाल्या, "तर शूज बाहेर आणि ती नाही. म्हटलं, डोकं दुखतंय म्हणत होती, घाईत तशीच गेली असेल. मी ते उचलून आत ठेवले."

त्यांनी दाराबाहेर पाहिलं.

"शुक्रवारी सकाळी आत नव्हते. पुढच्या गुरुवारी बाहेर होते."

तेव्हापासून दर गुरुवारी असतात. बाकीचे सहा दिवस नसतात. बायकांना वाटलं, हिची वेळ बदलली, लवकर येऊन लवकर जात असेल. आवाज यायचा. काम पुढे जायचं. कुणी आत डोकावलं नाही, कारण तसं ठरलं होतं.

चंद्रहासने विचारलं, तुमच्यापैकी कुणी शिवत असेल ना?

मिसेस पेनरनी चष्मा लावला आणि त्याला गोधडीजवळ नेलं. म्हणाल्या, आमचा टाका वेगळा, बारीक. हा तिच्या आईचा धावदोरा. कडेकडेने सुरुवात करायची आणि चौकोनात चौकोन करत मधे यायचं. इथे हे कुणाला येत नाही. मग त्यांनी फोनमध्ये एक फोटो काढून दाखवला. ऑगस्टच्या सुरुवातीला म्युझियमच्या पत्रकासाठी घेतलेला. त्यात गोधडी निम्मी झाली होती.

आता मधे तळहाताएवढी जागा कोरी उरली होती.

जमिनीवर, चौकटीच्या चारही बाजूंना, खुर्ची सरकवल्याच्या खुणा होत्या. ताज्या.

तो बाहेर आला तेव्हा मॅगपाय पुन्हा ओरडत होते. शूज घालायला वाकला आणि तसाच राहिला.

त्याने ते कसेही टाकले होते. आता दोन्ही नीट शेजारी शेजारी होते. टाचा भिंतीकडे, टोकं बाहेर. पाय घातला की निघता यावं असे.

पंचवीस वर्षं रोज सकाळी चित्रलेखा त्याचे शूज तसेच लावून ठेवायची.

*

त्या दिवसापासून चंद्रहास दर गुरुवारी जाऊ लागला. ऑफिसात सांगितलं, गुरुवार मला नको. त्यांनी कारण विचारलं नाही.

एक गोष्ट त्याला लवकर कळली. तो खोलीत असला की काही होत नाही. खुर्ची तशीच, सुई तशीच. तो बाहेर येऊन पडवीत दाराकडे पाठ करून बसला की…

सर्र… टक.

मागे वळून बघायचं नाही. वळलं की थांबतं. एकदा वळला, तर दिवसभर पुन्हा आवाज आला नाही. नंतर तो कधी वळला नाही.

सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत बसायचा. बोलायचा तिच्याशी. मैथिलीचा निकाल सांगितला. शेजारच्या निमिषने कुंपण रंगवलं ते सांगितलं, रंग तुला आवडला नसता म्हणाला. साड्यांवरून बोललो ते चुकलंच, म्हणाला. कुणाकडे जात होतीस असं मनात आलं होतं, तेही सांगून टाकलं.

तेव्हा आवाज जरा थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला.

उत्तर कधी आलं नाही.

मिसेस पेनर चार वाजता कॉफी आणि पाव घेऊन यायच्या. मोठ्या पावावर छोटा पाव बसवलेला, त्यांच्या पद्धतीचा. कप तीन. त्यांच्याकडे न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी एक कप जास्त मांडायची रीत आहे. तिसरा कप त्या दाराच्या आत जमिनीवर ठेवायच्या. तो भरलेलाच परत यायचा. पण गार झालेला नसायचा.

आता एक मागची गोष्ट सांगायला हवी. मैथिली जन्मली तेव्हा चित्रलेखाच्या आईने कराडला तिच्यासाठी गोधडी शिवली होती. सगळी शिवली आणि एक टाका ठेवला. मग तेरा दिवसांच्या मुलीची मूठ सुईभोवती धरून तो टाका घालून घेतला. त्यांच्या घरची ही पद्धत. गोधडी ज्याची, शेवटचा टाका त्याचा. तोवर ती पुरी होत नाही आणि शिवणाऱ्याने ती सोडून जायचं नाही. चंद्रहास तेव्हा शेजारीच उभा होता. फोटो त्यानेच काढला होता.

म्हणून तो दर गुरुवारी संध्याकाळी आत जाऊन कोरी जागा बघायचा. तळहाताएवढी. मग चार बोटं. मग दोन.



अकरा डिसेंबरचा गुरुवार. तीन दिवसांवर लग्नाचा वाढदिवस. दुपारी दीड वाजता आवाज थांबला.

तो वळला नव्हता. बोलतही नव्हता.

दोन वाजले. अडीच वाजले. मग तो उठून आत गेला.

गोधडीच्या बरोबर मधोमध सुई उभी होती. दोरा ओवलेला. तिच्यापुढे एका टाक्याची जागा.

खुर्ची या वेळी चौकटीपासून मागे ओढून ठेवली होती. कुणीतरी बसावं म्हणून ओढतात तशी.

चंद्रहास बसला नाही. बाहेर आला, शूज घातले आणि घरी निघून आला.

*

पुढच्या गुरुवारी मैथिली आली. त्याने तिला सगळं सांगितलं होतं. तिला वाटलं होतं, बाबाचं डोकं फिरलं. पडवीत ते शूज दिसले आणि ती खाली बसली. हिरव्या नाडीला हात लावला.

आत आवाज नव्हता. त्या दिवसानंतर आवाज कधीच आला नाही. शूज मात्र होते.

दोघं आत गेले. मैथिलीने गोधडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाली, "बाबा, शी इज डन. तिचं सगळं झालंय. आता तुझं आहे."

तो म्हणाला, "मला माहितेय."

"मग घाल ना टाका."

"घातला की ती जाईल."

"आणि नाही घातला तर?"

तो सुईकडे बघत राहिला.

"शी इज जस्ट सिटिंग हिअर, बाबा. दर गुरुवारी. अनवाणी. तुझी वाट बघत." तिने खुर्चीकडे बोट दाखवलं. "तुला बरं वाटावं म्हणून तिने इथे बसून राहायचं का?"

चंद्रहासने मला हे सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, पोरीचं बरोबर होतं.

तो खुर्चीत बसला. खिशातून अंगुस्तान काढून बोटात घातलं. त्याला ते लहान होतं, करंगळीत कसंबसं गेलं. सुई हातात घेतली.

गोधडी शिवताना डावा हात खाली असतो. कापडाच्या खाली. वरून सुई आली की खालचं बोट तिला परत वर ढकलतं. म्हणून डाव्याच बोटाला टोचतं. त्याला हे माहीत नव्हतं. त्याचा डावा हात वर, चौकटीवर होता.

त्याने सुईचं टोक कोऱ्या जागेवर टेकवलं…

आणि तिथलं कापड वर आलं.

थोडंसंच. एका बोटाच्या टोकाएवढं. खालून कुणी बोट लावून धरावं तसं. इथे घाल, असं दाखवावं तसं.

मैथिली समोरच उभी होती. तिनेही ते पाहिलं. ही मुलगी दहा वर्षांची झाल्यापासून घरी इंग्रजीतच उत्तरं देते. मराठी आली तरी अर्धी.

ती म्हणाली, "आई, थांब ना."

फक्त तेवढंच.

कापड तसंच वर राहिलं. हललं नाही.

चंद्रहासने खाली वाकून बघितलं नाही. त्याने सुई होती तिथे परत टोचून ठेवली. मग तो त्या उंचवट्यावर तळहात ठेवून बसून राहिला. म्युझियम बंद व्हायची वेळ झाली तेव्हा मिसेस पेनर दारात आल्या. त्याच सुमाराला हाताखालचं कापड हळूहळू खाली बसलं.

ते ऊबदार होतं, असं तो म्हणतो.

*

आता एप्रिल चालू आहे. मिसेस पेनरनी चौकटीभोवती दोरी लावली आहे. त्यांनी चंद्रहासला कधी विचारलं नाही. एकदाच म्हणाल्या, आमच्याकडे आजवर कुठलंच काम अर्ध्यात चौकटीवरून उतरवलेलं नाही, आणि तुझ्यावर घाईही नाही. पण हिवाळा येतोय, रे. जमीन फार थंड असते.

मैथिली त्याच्याशी बोलते, पण गुरुवारी फोन करत नाही.

मागच्या महिन्यात मीही त्याच्याबरोबर गेलो होतो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. शूज पाहिले. ते नीट लावलेले होते, टोकं बाहेर. चार वाजता तिसरा कप दाराच्या आत ठेवला गेला. परत आला तेव्हा मी हात लावून बघितला. त्याबद्दल मी बोलणार नाही.

येताना गाडीत मी त्याला विचारलं, किती दिवस असं?

ती ज्या सर्व्होत सापडली तो मागे गेला. मग चंद्रहास म्हणाला, "दादा, पुढच्या गुरुवारी घालतो."

माझ्या घरी माझ्या बायकोची औषधांची पेटी अजून फ्रीजवर आहे. मी कुणाला काय सांगणार?

त्यानंतर चार गुरुवार झाले. काल पाचवा होता. संध्याकाळी त्याची गाडी परत आली. मी कुंपणापाशी उभा होतो. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. नाही म्हणून.

गोधडी चौकटीवरच आहे. सुई ओवलेली आहे. शेवटचा टाका अजून घातलेला नाही.